वेबसाईट चकाचक, पण लिंक उघडेना: क्लायंट-साईड राउटिंग आणि आपलं दुकान



हा लेख वाचायच्या आधी एक काम करा. मोबाईलवर तुमची स्वतःची वेबसाईट उघडा. होम पेज नको, आतलं एखादं पान घ्या. एखादा दागिना, पाइपचा एखादा साईज, चटईचं एखादं डिझाईन, काहीही चालेल. आता स्क्रीन बोटाने खाली ओढून ते पान रिफ्रेश करा. तेच पान परत आलं तर छान. '४०४, पान सापडलं नाही' असं आलं, किंवा साईटने तुम्हाला गपचूप होम पेजवर आणून सोडलं, तर आजचा विषय तुमच्याच खिशाचा आहे.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी हे स्क्रीनवर करून दाखवलंय. इथे त्याबद्दलचं माझं मत जरा सविस्तर मांडतो. विषयाचं नाव जड आहे, क्लायंट-साईड राउटिंग. नाव ऐकून घाबरू नका, आपल्याला कोड लिहायचा नाहीये. डाळ मिलच्या मालकाला मोटर रिवाइंड करता येत नाही, पण आपल्या मिलला किती एचपीची मोटर लागते हे त्याला पक्कं माहीत असतं. वेबसाईटबद्दल मालकाला एवढंच कळायला हवं, आणि एवढं तरी कळायलाच हवं.

मत आधीच सांगून टाकतो. जी वेबसाईट गिऱ्हाइकाने बघावी म्हणून बनवली आहे, तिच्यावरच्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा, थेट उघडणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा पत्ता असलाच पाहिजे. क्लायंट-साईड राउटिंगमुळे तो पत्ता मोडत असेल, तर ते तंत्र कितीही आधुनिक असो, आपल्या दुकानासाठी ते महागात पडतं.

पत्ता म्हणजे काय?

हे धुळेकरांना सांगायची गरज नाही. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठाणं केलं आणि व्यापाऱ्यांना बोलावून नवी पेठ वसवली. जुन्या धुळ्यात आजही पत्ता सांगताना लोक 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असंच सांगतात. परगावचा माणूस एसटी स्टँडवर उतरला, रिक्षावाल्याला गल्लीचा नंबर सांगितला की काम झालं. मालकाला फोन करून 'आता कुठून वळू?' असं विचारावं लागत नाही.

आता जळगावचं गोलाणी मार्केट घ्या. एकाच संकुलात, मजल्यांवर मजले, शेकडो दुकानं. कोणाला नुसतं 'गोलाणीत या' असं सांगितलं तर तो गोलाणीत पोचेल, तुमच्या दुकानात पोचेलच असं नाही. मजला आणि दुकान नंबर सांगितला तरच पोचेल.

वेबसाईटचंही तसंच आहे. 'तुमचंदुकान.इन' हे झालं मार्केटचं नाव. 'तुमचंदुकान.इन/वेफर्स/मसाला' हा झाला दुकान नंबरसकट पूर्ण पत्ता. गिऱ्हाईक ज्या वस्तूसाठी आलंय, तिच्यापर्यंत थेट नेणारा. हा मागचा भाग बघून योग्य पान दाखवायचं जे काम असतं, त्याला राउटिंग म्हणतात. ते काम कोण करतो, यावर सगळा खेळ आहे.

दोन पद्धती

पहिली पद्धत जुनी. तुम्ही लिंकवर बोट ठेवलं की ब्राऊझर सर्व्हरकडे जातो आणि म्हणतो, 'मला /वेफर्स/मसाला हे पान दे.' सर्व्हर ते पान शोधतो किंवा तयार करतो आणि पूर्णच्या पूर्ण पाठवतो. पत्त्याचा अर्थ सर्व्हरला कळतो. याला सर्व्हर-साईड राउटिंग म्हणतात. वर्डप्रेसवरच्या साईट साधारणपणे अशाच चालतात.

दुसरी पद्धत म्हणजे क्लायंट-साईड. इथे क्लायंट म्हणजे तुमचं गिऱ्हाईक नव्हे, गिऱ्हाइकाच्या हातातल्या मोबाईलमधला ब्राऊझर. पहिल्यांदा साईट उघडली की सर्व्हर एक जवळजवळ रिकामं पान आणि त्यासोबत जावास्क्रिप्टचं एक गाठोडं पाठवतो. पुढे तुम्ही लिंकवर बोट ठेवलं की ती जावास्क्रिप्ट तुमचं बोट मधल्या मध्ये पकडते. सर्व्हरकडे नवं पान मागू देत नाही. वरच्या पट्टीतला पत्ता स्वतःच बदलते, खालचा मजकूर स्वतःच रंगवते आणि लागलीच तर फक्त माहिती मागवते. पान बदलल्यासारखं दिसतं, पण मुळात तेच एक पान असतं. म्हणून अशा साईटला सिंगल पेज ॲप म्हणतात.

याचा फायदा खरा आहे. वरची पट्टी, मेनू, तळटीप परत परत लोड होत नाही. पांढरा पडदा दिसत नाही. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, तेव्हा लोक थक्क झाले ते याच कारणाने. पान न बदलता आतला मजकूर बदलत होता. त्या तंत्राला २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी 'एजॅक्स' हे नाव दिलं.

पण लगेच एक अडचण समोर आली. मजकूर बदलतो आणि पत्ता तसाच राहतो. मग लिंक पाठवायची कशी, बॅक बटण चालायचं कसं? त्यावर 'हॅश'ची युक्ती निघाली. पत्त्यात हॅशच्या खुणेनंतर जे काही लिहिलेलं असतं ते ब्राऊझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणून तो भाग जावास्क्रिप्टने हवा तसा बदलला तरी पान पुन्हा लोड होत नाही. पुढे २०१० नंतरच्या एक-दोन वर्षांत ब्राऊझरमध्ये हिस्टरी एपीआय आला आणि हॅश न लावता सरळ पत्ता बदलता येऊ लागला. त्याच काळात बॅकबोन, अँग्युलर, एम्बर आले, २०१३ मध्ये रिॲक्ट खुलं झालं, २०१४ मध्ये व्ह्यू आलं. अँग्युलरसोबत स्वतःचा राउटर येतो, व्ह्यूचा अधिकृत राउटर वेगळा मिळतो, रिॲक्टसाठी बरेच जण 'रिॲक्ट राउटर' ही वेगळी लायब्ररी जोडतात. तुमचा डेव्हलपर ही नावं घेतो तेव्हा तो याच घराण्याबद्दल बोलत असतो.

अडतं कुठे?

चार ठिकाणी अडतं. चारही ठिकाणी नुकसान आपलं होतं, म्हणून एकेक नीट बघू.

*पहिलं, थेट लिंक आणि रिफ्रेश.* समजा, चोपड्यातल्या एका वेफर्सवाल्याने इंदूरच्या व्यापाऱ्याला मसाला वेफर्सची लिंक पाठवली. वेफर्सवाल्याच्या मोबाईलवर ती व्यवस्थित दिसत होती, कारण तो होम पेजवरून आत गेला होता आणि जावास्क्रिप्ट आधीच हजर होती. व्यापाऱ्याने लिंक दाबली तेव्हा मात्र त्याच्या ब्राऊझरने थेट सर्व्हरला विचारलं, 'मला /वेफर्स/मसाला दे.' सर्व्हरकडे त्या नावाची फाईलच नाही. त्याच्याकडे एकच पान आहे. तो म्हणाला, ४०४. व्यापाऱ्याने काय समजायचं? माल बंद झाला असेल, नाहीतर धंदाच बंद झाला असेल. तो फोन करून सांगत बसत नाही. दुसरीकडे जातो.

याचा उपाय सोपा आहे. 'जी फाईल सापडणार नाही तिच्या जागी मुख्य पान दे, पुढचं जावास्क्रिप्ट बघून घेईल,' असा नियम सर्व्हरवर लिहायचा. आपल्याकडच्या बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर तो 'एचटीॲक्सेस' नावाच्या फाईलमध्ये चार-पाच ओळींत बसतो. पण डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ही अडचण दिसतच नाही. तिथला चाचणीचा सर्व्हर हा नियम बहुतेक वेळा आपणहून लावतो. म्हणून 'माझ्याकडे तर चालतंय' असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

*दुसरं, व्हॉट्सॲप.* खानदेशात, आणि खानदेशातच कशाला, सगळीकडेच छोट्या धंद्याची अर्धी विक्री व्हॉट्सॲपवर ठरते. लिंक पाठवली की खाली छोटा फोटो, नाव आणि एक ओळ दिसते. ती माहिती व्हॉट्सॲप पानाच्या मूळ एचटीएमएलमधून उचलतं. जावास्क्रिप्ट चालवून बघत बसत नाही. तुमच्या सिंगल पेज ॲपचं मूळ एचटीएमएल सगळ्या वस्तूंसाठी एकच असेल, तर मंगळसूत्राची लिंक पाठवा नाहीतर पैंजणाची, खाली दिसणार एकच लोगो आणि एकच वाक्य. पुष्कळदा तर काहीच नाही, नुसती निळी ओळ. सराफ बाजारात शोकेसला काळा कागद लावून 'आत या, दाखवतो' असं कोणी म्हणेल का? ऑनलाईन आपण नेमकं तेच करतोय.

*तिसरं, गूगल.* इथे गैरसमज फार आहेत, म्हणून नीट सांगतो. 'गूगलला जावास्क्रिप्ट कळत नाही' हे आता खरं नाही. २०१९ पासून गूगलचा बॉट ताज्या क्रोमच्या इंजिनावर चालतो आणि पान रंगवून बघतो. पण हॅशवाल्या पत्त्यांना तो वेगवेगळी पानं मानत नाही. २००९ मध्ये हॅश आणि उद्गारचिन्ह वापरून एक सोय गूगलनेच सुचवली होती, ती २०१५ मध्ये त्यांनीच मागे घेतली. म्हणजे तुमच्या ८० वस्तू असतील आणि सगळ्या हॅशच्या मागे असतील, तर गूगलच्या दृष्टीने तुमचं दुकान एका पानाचं. त्यातच लिंक खऱ्या लिंक नसतील, नुसती बटणं असतील, तर बॉट पुढच्या पानावर जाणारच नाही. तो बटणं दाबत फिरत नाही. लिंकमागे लिहिलेला पत्ता वाचतो.

*चौथं, नेटवर्क.* यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाईलवर ठिबकच्या तुमच्या वस्तू उघडून बघा. जुन्या पद्धतीत सर्व्हरने पाठवलेला मजकूर जसजसा येतो तसतसा दिसू लागतो. सिंगल पेज ॲपमध्ये आधी सगळं गाठोडं उतरायला हवं, मग ते उघडायला हवं, मग माहिती मागवायला हवी. तोपर्यंत गोल गोल फिरणारं चाक. पुढची पानं झटपट येतील हे खरं, पण ती बघायला गिऱ्हाईक थांबलं पाहिजे ना! लिंक दाबून येणारं गिऱ्हाईक पुष्कळदा एकच पान बघतं, भाव बघतं आणि फोन लावतं. त्याच्यासाठी पहिलं पान हीच सगळी साईट.

मोठ्यांनाही ठेच लागली आहे

'अहो, पण मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात,' असं डेव्हलपर सांगेल. वापरतात. पण त्यांचा इतिहास पूर्ण सांगायला हवा.

ट्विटरने २०१० मध्ये नवी साईट आणली. सगळं राउटिंग ब्राऊझरमध्ये, पत्त्यात हॅश आणि उद्गारचिन्ह. मे २०१२ मध्ये त्यांच्याच इंजिनियर मंडळींनी जाहीर केलं की पहिलं पान पुन्हा सर्व्हरवर तयार करून पाठवायला सुरुवात केली आहे, आणि पान उघडायचा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आला आहे. गॉकर नावाच्या अमेरिकन बातम्यांच्या कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये हीच पद्धत घेतली. पहिल्याच दिवशी जावास्क्रिप्ट अडकली आणि त्यांच्या साईट काही तास रिकाम्या दिसत राहिल्या. मजकूर सर्व्हरवर शाबूत होता, पण दाखवणारी एकच किल्ली तुटली होती.

आपल्या देशातलं उदाहरण फ्लिपकार्टचं. २०१५ मध्ये त्यांनी मोबाईल वेबसाईट बंद करून लोकांना ॲपकडे वळवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'फ्लिपकार्ट लाइट' घेऊन ते ब्राऊझरवर परत आले. हे ॲपसारखंच चालायचं, कमकुवत नेटवर्कचा विचार करून बांधलेलं होतं. म्हणजे क्लायंट-साईड पद्धत नीट राबवता येते. पण त्यासाठी त्यांच्याकडे इंजिनियर मंडळींची फौज होती. आपल्याकडे एक मुलगा आहे, तोही दोन महिन्यांनी नोकरीला जाणार आहे.

मग हे तंत्र टाकाऊ आहे का?

अजिबात नाही. जागा चुकली की चांगली वस्तूही अडचण होते, एवढंच.

आडत दुकानाचं पट्टीचं सॉफ्टवेअर घ्या, गोडाऊनचा स्टॉक घ्या, दवाखान्याची अपॉइंटमेंट वही घ्या, क्लासची फी नोंदणी घ्या. इथे माणूस सकाळी लॉगिन करतो आणि दिवसभर त्याच स्क्रीनवर काम करतो. शंभर वेळा या पानावरून त्या पानावर जातो. इथे पान पुन्हा पुन्हा लोड होणं म्हणजे खरोखर वेळ वाया. गूगलने ते बघायचं नाही, व्हॉट्सॲपवर फोटो दिसायचा नाही. मोजणी चालू असताना नेट दोन मिनिटं गेलं तरी नोंद करता यावी, अशी सोयसुद्धा नीट बांधलेल्या ॲपमध्ये करता येते. इथे क्लायंट-साईड राउटिंग शोभून दिसतं.

फक्त तिथेही एक अट ठेवा. पट्टी नंबर ४१२ उघडी असताना रिफ्रेश केलं तर पट्टी नंबर ४१२ च उघडली पाहिजे. मुनीमजींनी शेठना लिंक पाठवली तर शेठना लॉगिन केल्यावर तीच पट्टी दिसली पाहिजे. 'बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका' अशी सूचना लिहून ठेवावी लागत असेल, तर सॉफ्टवेअर अर्धवट आहे असं समजा.

मुलांना दोष देऊ नका

आता जरा नाजूक मुद्दा. जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगाव, इथली शिकलेली मुलं वेबसाईट बनवायला लागली याचा मला मनापासून आनंद आहे. पूर्वी यासाठी नाशिक-पुण्याकडे बघावं लागायचं. पण एक गोष्ट ओळखा. ही मुलं रिॲक्ट शिकतात, कारण पुण्या-मुंबईच्या नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्ट मागतात. इंटरव्ह्यूत दाखवायला एखादा प्रोजेक्ट लागतो. तुमची वेबसाईट हा तो प्रोजेक्ट असतो. त्याला स्वतःचं कौशल्य दाखवायचंय, तुम्हाला माल विकायचाय. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण एक नाहीत.

चूक मुलाची नाही. आपण त्याला काय सांगितलं? 'मस्त दिसली पाहिजे, फास्ट वाटली पाहिजे, त्या अमक्याच्या साईटसारखी.' त्याने मस्त दिसणारी केली. लिंक उघडली पाहिजे असं आपण बोललोच नाही, कारण ते गृहीत धरलं. घर बांधताना मिस्त्रीला 'पावसात गळायला नको' असं सांगावं लागत नाही, हे खरं. पण वेबसाईटच्या बाबतीत अजून सांगावं लागतं.

आणि चांगली बातमी अशी की मुलाला रिॲक्ट सोडायची गरजच नाही. नेक्स्ट जेएस २०१६ पासून आहे. व्ह्यूवाल्यांसाठी नक्स्ट आहे, त्याशिवाय स्वेल्टकिट आहे, ॲस्ट्रो आहे. यांच्या साहाय्याने प्रत्येक वस्तूचं पूर्ण पान आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवता येतं. गिऱ्हाईक थेट लिंकवरून आलं तर त्याला तयार पान मिळतं, फोटो-नावासकट. पुढे तो साईटवर फिरू लागला की नेक्स्टसारख्या चौकटीत जावास्क्रिप्ट ताबा घेते आणि पानं झटपट बदलते. मुलाचा प्रोजेक्ट झाला, तुमचा पत्ता शाबूत राहिला.

अजून एक. 'पानं गुळगुळीत बदलली पाहिजेत म्हणून सिंगल पेज ॲप,' हे कारणही आता पातळ झालंय. २०२४ पासून क्रोममध्ये दोन वेगळ्या पानांच्या मधला बदलसुद्धा सफाईदार दाखवायची सोय आली आहे. ५०-१०० वस्तूंच्या दुकानाला साधी तयार पानं किंवा वर्डप्रेस पुरेसं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जितकं कमी यंत्र, तितका कमी बिघाड, आणि पहिला मुलगा गेल्यावर दुसऱ्याला समजायला तितकं सोपं.

पैसे देण्याआधी या सहा चाचण्या

शेवटचा हप्ता देण्याआधी दहा मिनिटं काढा. लॅपटॉप नको, मोबाईल पुरे.

१. आतलं पान उघडून रिफ्रेश करा. तेच पान आलं पाहिजे.

२. त्या पानाची लिंक घरच्यांच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. खाली त्याच वस्तूचा फोटो आणि नाव दिसलं पाहिजे. मग दुसऱ्या वस्तूची पाठवा. फोटो बदलला पाहिजे.

३. ज्या मोबाईलवर साईट कधीच उघडली नाही, त्यावर ती लिंक दाबा. वायफाय बंद ठेवून दाबा.

४. यादीत खूप खाली जा, एक वस्तू उघडा, मग बॅक दाबा. यादीत होतात तिथेच परत आलं पाहिजे. पुन्हा वरपासून सुरुवात नको.

५. वस्तूच्या नावावर बोट दाबून धरा. 'नवीन टॅबमध्ये उघडा' असा पर्याय आला तर ती खरी लिंक आहे. काहीच आलं नाही तर ते लिंकसारखं दिसणारं बटण आहे.

६. पत्त्याच्या शेवटी काहीतरी चुकीचं टाईप करा. 'हे पान नाही' असं स्वच्छ सांगून यादीकडे जायची वाट दाखवली पाहिजे. आणि डेव्हलपरला विचारा, 'सर्व्हर खरंच ४०४ देतो का?' पान नसताना सर्व्हर 'सगळं ठीक' म्हणत असेल तर गूगल गोंधळतं.

कोटेशनमध्ये एवढी तीन वाक्यं लिहून घ्या: 'प्रत्येक वस्तूला हॅश नसलेला स्वतंत्र पत्ता असेल. तो पत्ता थेट उघडल्यास वस्तूचं नाव, फोटो व माहिती मूळ एचटीएमएलमध्येच मिळेल. पुढे साईट बदलल्यास जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे कायमस्वरूपी वळवले जातील.' डेव्हलपर जाणकार असेल तर तो लगेच मान हलवेल. नसेल तर शोधून वाचेल, त्याचंही भलं होईल.

पत्ता ही मालमत्ता आहे

तिसरं वाक्य का लिहायचं, ते सांगतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एक टिपण लिहून सांगितलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही. आपल्या धंद्यात याचा अर्थ फार रोकडा आहे. तुम्ही पाकिटावर क्यूआर कोड छापता. केळीच्या खोक्यावर छापता, बिलावर छापता, गाडीच्या मागे रंगवता. त्या कोडमध्ये पत्ताच असतो. पाच हजार पाकिटं छापून झाल्यावर नव्या डेव्हलपरने पत्त्यांची रचना बदलली, तर ती पाच हजार पाकिटं मुकी झाली. जुने पत्ते नव्याकडे वळवणं हे थोड्या वेळाचं काम आहे, पण कोणी मागितलं नाही तर कोणी करत नाही.

पत्ते छोटे ठेवा. या लेखात मी ते देवनागरीत लिहिले, पण प्रत्यक्षात वस्तूचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवणं सोयीचं. पत्त्यात 'केळी' एवढा शब्द देवनागरीत टाकला, तर कॉपी-पेस्ट करताना त्याचं टक्क्याच्या खुणांनी भरलेलं ३६ अक्षरांचं शेपूट होऊ शकतं. व्हॉट्सॲपवर ते बघून माणूस म्हणतो, 'ही कसली लिंक, व्हायरस-बियरस आहे का?' पानावरचा मजकूर मात्र बिनधास्त मराठीत लिहा.

जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव आता कागदोपत्री आपलं आहे. पण बाहेरचा माणूस ते नाव मोबाईलवर शोधतो तेव्हा त्याला कोणाचं पान सापडतं? ज्याच्या केळीला, ज्याच्या वांग्याला स्वतःचं उघडणारं पान आहे त्याचं. ज्याचा सगळा माल एका दाराआड, जावास्क्रिप्टच्या किल्लीने उघडणाऱ्या खोलीत ठेवलाय, तो अस्सल माल असूनही मागे पडतो. मला खरी काळजी याची आहे. माल आपला, नाव आपलं, आणि गिऱ्हाईक मात्र मधल्या एखाद्या पोर्टलच्या पानावरून आपल्याकडे येणार, कमिशन कापून.

तेव्हा आज दुकान वाढवल्यावर हिशोबाची वही मिटली की वरच्या सहा चाचण्या करून बघा. जी चाचणी नापास झाली, तिचा स्क्रीनशॉट डेव्हलपरला पाठवा आणि शांतपणे विचारा, 'भाऊ, हे कधी होईल?' भांडू नका, तारीख घ्या. आणि ज्यांची साईट अजून बनायची आहे त्यांनी ती तीन वाक्यं कोटेशनमध्ये टाकल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

कोणती चाचणी अडली ते व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात व्हॉट्सॲपच्या फोटोसाठी पानात नेमकं काय लिहायचं, ते करून दाखवतो.